शिंप्याची टेप आणि मधुमेह: घरच्या घरी मापं कशी घ्यावीत

आमच्या घरी टेप कधी शोधावी लागली नाही. अण्णा शिंपी होते. टेप त्यांच्या गळ्यात, नाहीतर मशीनच्या खणात असायचीच. कंबर मोजताना ते टेपच्या आत एक बोट घालायचे. बसल्यावर पँट काचली की गिऱ्हाईक परत येत नाही, हे त्यांचं गणित. पुढे बेचाळिसाव्या वर्षी मला मधुमेह निघाला, तेव्हा मी त्याच सवयीने बोट आत ठेवून स्वतःची कंबर मोजली आणि वहीत 88 लिहिलं. दवाखान्यातल्या सिस्टरने मोजली ती 94 सेंटिमीटर भरली. बोटामुळे माप उलट वाढायला हवं होतं. पण माझी जागाच चुकली होती. मी पट्टा बसतो तिथे, म्हणजे पोटाच्या खाली मोजलं होतं.

नुकताच मधुमेह निघालेल्यांनी आणि आईवडिलांना मधुमेह आहे म्हणून धास्तावलेल्यांनी ही मापं कशी घ्यायची, ते लिहितो. लागणारं सामान: न ताणली जाणारी टेप, वजनकाटा, रिकामी भिंत, एक खुर्ची आणि भिंतीवरचं कॅलेंडर. एक गोष्ट आधीच सांगतो. टेपने मधुमेहाचं निदान होत नाही. ते रक्तावरच होतं: उपाशीपोटीची साखर 126 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा जास्त, अथवा एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, 6.5 टक्के किंवा जास्त, आणि तेही बहुतेक वेळा दुसऱ्यांदा तपासून. शरीर साखर आणि चरबी कशी हाताळतंय याचा अंदाज मात्र टेप देते, तोही फुकटात आणि सुई न टोचता.

कंबर: सगळ्यात आधी, सगळ्यात नीट

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याच्या आधी मोजायचं. शर्ट, बनियन वर करा. साडी किंवा सलवार असेल तर नाडी सैल करून खाली सरकवा. कापडावरून घेतलेलं माप शिंप्याच्या कामाचं, आपल्या नाही.

आरशासमोर ताठ उभे राहा, पावलांमध्ये थोडं अंतर ठेवा. काखेतून सरळ खाली बोट फिरवत न्या. शेवटची बरगडी लागेल, तिथे पेनने बारीक खूण करा. आता खालून वर या. कमरेच्या हाडाची वरची कड हाताला लागेल, तिथे दुसरी खूण. या दोन खुणांच्या बरोबर मध्ये टेप लावायची. जागतिक आरोग्य संघटना हीच जागा सांगते. अनेकांना वाटतं की बेंबीवरून मोजायचं. पोट सुटलं की बेंबी खाली ओघळते, हाडं तिथेच राहतात, म्हणून हाडांवर भरवसा ठेवायचा. सुटलेल्या पोटात हाड चटकन सापडत नाही. तेव्हा बोटाने जरा जोरात दाबा, किंवा घरातल्या कुणाला तरी शोधायला सांगा.

टेप जमिनीला समांतर हवी. पाठीमागे ती हमखास खाली घसरते, म्हणून आरसा किंवा दुसरा माणूस लागतो. कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको, आणि बोट आत नको. (अण्णांची माफी मागून.) श्वास घ्या, सहज सोडा, आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढायचा मोह सगळ्यांना होतो. मला अजून होतो. त्यावर उपाय म्हणजे दोन-तीन श्वास मोकळे जाऊ द्यायचे आणि मग वाचायचं. दोनदा मोजा. दोन मापांत एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर टेप काढून पुन्हा दोनदा मोजा.

आता पँटच्या नंबराबद्दल. "माझी कंबर वीस वर्षं चौतीसच आहे" असं सांगणारे निम्मे पुरुष मी ओळखतो, आणि त्यातल्या बहुतेकांचं पोट पट्ट्यावरून पुढे आलेलं असतं. पोट वाढलं की पुरुष पँटचा नंबर वाढवत नाहीत, पँट खाली सरकवतात. अण्णा पट्ट्याच्या मापाबरोबर पोटाचंही माप घेऊन ठेवायचे, कारण शर्टाची बटणं ताणली जातात तिथे लाज जाते. बायकांच्या बाबतीत परकराच्या नाडीचा वळ फसवतो. तो वळ बहुधा खऱ्या मापाच्या खाली असतो.

आकडा आला, त्याचं काय करायचं

दक्षिण आशियाई माणसांसाठी पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांची 80 च्या आत असावी, असं मानतात. इंचात साडेपस्तीस आणि साडेएकतीस. युरोपीय लोकांसाठी या मर्यादा जास्त आहेत, त्यामुळे परदेशी ॲपमधला हिरवा रंग पाहून निश्चिंत होऊ नका. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर हे नक्कीच लक्षात ठेवावं. देश बदलला तरी शरीर तेच असतं.

याहून सोपा एक ठोकताळा आहे: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने 2022 मध्ये तो आपल्या मार्गदर्शनात घेतला. कंबर भागिले उंची 0.4 ते 0.49 आलं तर ठीक, 0.5 ते 0.59 आलं तर धोका वाढलेला, 0.6 च्या पुढे आणखी जास्त. माझी उंची 164, तेव्हाची कंबर 94, म्हणजे 0.57. टेप नसली तरी अडत नाही. उंचीएवढी सुतळी कापा, बरोबर दुमडा आणि ती दुमडलेली सुतळी कमरेभोवती फिरवून पाहा. टोकं भेटली नाहीत तर डॉक्टरांशी बोलायला विषय मिळाला. ही सुतळी मी नात्यातल्या तीन घरांत फिरवली आहे. वजनकाट्यावर चढायला नकार देणारी काकूही सुतळीला नाही म्हणत नाही.

पण पोटाचंच एवढं काय? दंडावर, मांडीवर चिमटीत येणारी चरबी कातडीखाली पडून असते आणि तुलनेने निरुपद्रवी असते. तिथली साठवण भरली की पुढची चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात जाते. यकृतात चरबी साचली की ते इन्सुलिनचं, म्हणजे साखर आवरणाऱ्या संप्रेरकाचं, ऐकेनासं होतं आणि रात्रभर, आपण उपाशी झोपलेलो असतानाही, रक्तात साखर सोडत राहतं. सकाळची उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसते ती पुष्कळदा त्यामुळेच. रात्री काहीच खाल्लं नाही, तरी सकाळी 150 कशी, हा नव्या रुग्णाचा पहिला प्रश्न असतो. उत्तर बरेचदा पोटाच्या आत असतं.

या गोष्टीचा एक मोठा धागा पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मधुमेहतज्ज्ञांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन, गणित पुढे येतं) 22.3, अगदी सारखा. क्ष-किरणांनी शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. तोवर डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं बरीच वर्षं मोजली होती. तिथली बाळं सरासरी सुमारे 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांत हाडंमांस कमी होतं. पाठीवर खवाट्याखाली चिमटीत येणारी चरबी मात्र त्या मानाने जवळपास टिकून होती. हातपाय काटकुळे आणि पोटाशी चरबी, हा आपला बांधा पाळण्यापासूनचा आहे. "मी तर बारीक आहे, मला कसा मधुमेह?" असं म्हणणाऱ्याने कंबर आवर्जून मोजावी.

वजन, उंची आणि बीएमआय

हे थोडक्यात, कारण हे सगळ्यांना माहीत असतं. वजनकाटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. काटा खरा आहे का, हे पाहायचं असेल तर एकदा नुसते उभे राहा, मग पाच किलोची पिठाची न फोडलेली पिशवी हातात घेऊन. फरक पाच यायला हवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, हलक्या कपड्यांत वजन घ्या. रोज घेतलंत तर मीठ, पाणी आणि काल रात्रीचं लग्नाचं जेवण यांचाच हिशोब हाती येईल. उंचीसाठी टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकवा, डोक्यावर पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरा आणि पेन्सिलने खूण करा. साठीनंतर दोन-चार वर्षांनी पुन्हा मोजा. उंची कमी होते, आणि कॉलेजच्या ओळखपत्रावरची उंची धरून केलेलं गणित चुकतं.

वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा, की बीएमआय मिळाला. भारतीयांसाठी 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. हे सूत्र बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांचं, एकोणिसाव्या शतकातलं. ते गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांना 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कुणाचा मधुमेह नव्हे. बीएमआय हे नाव तर 1972 मध्ये आलं. त्यामुळे हा आकडा लिहून ठेवा, पण त्याच्यावरून भांडू नका. हमालाचा आणि बँकेतल्या कारकुनाचा बीएमआय एकच निघू शकतो.

नितंबाचा घेर आणि कंबर यांचं गुणोत्तर पूर्वी फार चालायचं (पुरुषांत 0.90, स्त्रियांत 0.85 ही सीमा). दोन मापं म्हणजे चुकीला दोन जागा. मी ते सोडून दिलं. मानेचा घेर मोजू नका, पण मान बघा. मानेमागे, काखेत काळपट, मखमलीसारखी जाड कातडी दिसली आणि ती घासून जात नसेल, तर तो मळ नाही. ती बरेचदा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. वयात येणाऱ्या मुलांना त्यावरून "नीट अंघोळ करत नाहीस" म्हणून बोलणी बसतात. तसं बोलण्याआधी त्यांची साखर तपासा.

मधुमेहात वजन खोटं बोलतं तेव्हा

ज्याला मधुमेह नाही त्याचं वजन उतरलं की आनंद. आपलं उतरलं की आधी कारण विचारायचं. खाणं तेच, फिरणं तेच, तहान वाढलेली, रात्री लघवीला चार वेळा उठावं लागतं आणि महिन्यात चार किलो कमी, याचा अर्थ साखर लघवीवाटे वाहून जाते आहे आणि शरीर स्वतःचंच मांस-चरबी जाळतं आहे. शेजारीपाजारी "काय छान बारीक झालास" म्हणतात, तेव्हाच डॉक्टरांकडे जायला हवं असतं. माझं निदान होण्याआधीचे तीन महिने मी असंच कौतुक ऐकत काढले.

उलटही होतं. इन्सुलिन सुरू झालं किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू झाली की वजन थोडं वाढतं, कारण वाहून जाणारी साखर आता अंगी लागते. म्हणून इन्सुलिन बंद करू नका. डॉक्टरांना आकडा दाखवा आणि आहार जुळवा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मुद्दाम लघवीवाटे साखर घालवतात, त्यांनी वजन थोडं उतरतं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीने वजनात फारसा फरक पडत नाही. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं आणि घोट्यावर बोट दाबल्यावर खड्डा राहिला, तर ती चरबी नाही, पाणी आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाची तक्रार असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

किती वजन उतरवायचं? इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातले प्रा. रॉय टेलर म्हणतात की प्रत्येकाची चरबी पेलण्याची स्वतःची एक मर्यादा असते. ती ओलांडली की मधुमेह होतो, मग बीएमआय काहीही असो. त्यांच्या एका लहानशा अभ्यासात फारसे लठ्ठ नसलेले 20 रुग्ण होते. मूळ वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा उतरवल्यावर त्यांतल्या 14 जणांचा मधुमेह औषधांशिवाय काबूत आला. म्हणजे 66 किलोच्या माणसाला साधारण साडेसहा किलो. मात्र इन्सुलिन किंवा साखर पाडणारी गोळी चालू असताना स्वतःच्या मनाने जेवण तोडलंत तर साखर एकदम खाली येऊन चक्कर येईल. औषधाचं प्रमाण आधी ठरवून घ्या.

पोटरी: जी कुणी मोजत नाही

पोट कमी करताना पाय वाळता कामा नयेत. जेवल्यावर रक्तातली साखर सगळ्यात जास्त उचलतात ते स्नायू, आणि मांड्या-पोटऱ्या हे आपले मोठे स्नायू. पन्नाशीनंतर, विशेषतः मधुमेहात, ते लवकर झिजतात. नुसता भात-भाकरी अर्ध्यावर आणून वजन उतरवलं, किंवा हल्लीची आठवड्याची इंजेक्शनं घेऊन भूकच गेली, तर चरबीबरोबर हेही जातात.

खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. पोटरीचा सगळ्यात जाड भाग शोधण्यासाठी टेप वरखाली सरकवा आणि सगळ्यात मोठा आकडा घ्या. आशियाई लोकांसाठी पुरुषांत 34 आणि स्त्रियांत 33 सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर स्नायू कमी असण्याची शंका घेतात. पाय सुजलेले असतील तर हे माप निरर्थक. टेप नसेल तर जपानी पद्धत वापरा: दोन्ही हातांच्या अंगठ्यांचं आणि तर्जनींचं कडं करून ते पोटरीच्या जाड भागाभोवती धरा. कडं अपुरं पडलं तर उत्तम, बरोबर बसलं तर लक्ष ठेवा, आत मोकळी जागा राहिली तर खाण्यातली प्रथिनं आणि व्यायाम यांच्याबद्दल विचारा.

जोडीला एक परीक्षा. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधा आणि न थांबता पाच वेळा उठा-बसा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पायांत जोर कमी आहे. गुडघे दुखत असतील किंवा तोल जात असेल तर शेजारी कुणीतरी उभं हवं, नाहीतर हे करूच नका.

ज्या वजनकाट्यावर चरबीची टक्केवारी येते त्याबद्दल लोक हमखास विचारतात. तो पायांतून बारीक वीज सोडून अंदाज बांधतो, आणि अंगातल्या पाण्याप्रमाणे आकडा बदलतो. तुमचाच काटा, तीच वेळ, असं असेल तर कल दिसेल. एकट्या आकड्याला किंमत नाही. पेसमेकर असेल तर त्यावर चढू नका.

घरातल्या बाकीच्यांसाठी

टेप बाहेर निघालीच आहे, तर मुलांची, भाचरांचीही कंबर मोजून टाका. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूने 2005 मध्ये भारतीयांसाठी धोक्याची गुणतालिका केली. तिला चारच गोष्टी लागतात. वय 35 ते 49 असेल तर 20 गुण, 50 पासून 30. कंबर पुरुषांची 90 ते 99 किंवा स्त्रियांची 80 ते 89 असेल तर 10, त्याच्या पुढे 20. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर 10, दोघांना असेल तर 20. व्यायाम अजिबात नाही आणि कामही बैठं असेल तर 30; हालचाल वाढेल तसे हे गुण कमी होत शून्यावर येतात. बेरीज 60 किंवा जास्त झाली की रक्त तपासायचं. माझा भाचा 36 वर्षांचा, कंबर 93, आईला मधुमेह, दिवसभर लॅपटॉपसमोर: 20, 10, 10, 30, एकूण 70. त्यातलं वय आणि आई बदलता येत नाहीत. उरलेल्या 40 गुणांवर आमची गेल्या दिवाळीत बरीच वादावादी झाली.

नोंद

ॲप वापरा, वही वापरा. आमच्याकडे कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या खाड्याशेजारी लिहितात. रविवारी वजन, महिन्याच्या पहिल्या रविवारी कंबर, आणि तीन महिन्यांनी एचबीए1सी करायला जाल तेव्हा पोटरी आणि खुर्चीचे सेकंद. मोजणारा माणूस शक्यतो तोच ठेवा. कंबरेत एका सेंटिमीटरचा फरक आला तर तो बहुतेक टेपचा असतो. सलग तीन महिने एकाच दिशेला गेला तर तो तुमचा.

आणि काटा हलला नाही म्हणून फिरणं सोडू नका. भारतात झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या एका मोठ्या अभ्यासात, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आहार आणि चालणं सुधारलेल्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं, आणि त्यांचं वजन जवळपास होतं तेवढंच राहिलं होतं. माझं स्वतःचं सांगायचं तर पहिल्या आठ महिन्यांत वजन 66 चं 65 झालं. बीएमआय 24.5 वरून 24.2. कंबर मात्र 94 वरून 90 वर आली आणि सकाळची साखर तिच्या मागोमाग उतरली. नुसता काटा पाहिला असता तर मी चालायला जाणं कधीच बंद केलं असतं.

काही जणांनी कंबरेच्या मापाच्या नादी लागूच नये: गरोदर बायका, पोटात पाणी झालेले, मोठा हर्निया असलेले, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेले. बाकीच्यांनी पुढच्या भेटीला जाताना कॅलेंडरच्या पानांचा मोबाइलवर फोटो काढून न्यावा. डॉक्टरांकडे आपल्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात, आणि "वजन साधारण तेवढंच आहे" या वाक्यात त्यातलं एक वाया जातं.